शेवट कुणीच सांगितला नाही

ज्या सिनेमाबद्दल जयेशने तीनशे एकोणचाळीस लोकांची मतं वहीत उतरवून ठेवली होती, तो सिनेमा त्याने स्वतः पाहिलेला नव्हता. हे ऐकून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. दिल्लीत मुनिरकाच्या खोल्यांत राहून लोकसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. तिथे राज्यघटनेपासून रागदारीपर्यंत सगळं दुसऱ्याच्या नोट्समधून शिकतात, आणि एखाद्याने मूळ पुस्तक उघडलंच, तर हा गडी यंदा गेला असं बाकीचे समजतात.

जयेश गेवराईचा. वडील तो चौथीत असतानाच गेले. आई भानुमती अंगणवाडीत सेविका. सहा वर्षांपूर्वी दिवाळी करून निघताना गेवराईच्या बसस्टँडवर तो तिला म्हणाला होता, "आता येईन तो यादीत नाव घेऊनच." माणूस निघताना काहीतरी बोलून जातो, तसं तो बोलला. पण बोलला चारचौघांत, दोन मामा आणि शेजारचे गुरुजी ह्यांच्यासमोर, आणि मग ते वाक्य त्याच्या गळ्यातच पडलं. दरवर्षी वाटायचं, ह्या खेपेला होईल, मग ताठ मानेने जाऊ. दरवर्षी व्हायचं नाही. आता त्याचं वय पस्तिशीला टेकलं होतं, नऊ अटेम्प्ट संपत आले होते, आणि हा शेवटचा होता. ह्याच्यानंतर फॉर्म भरायचीच सोय नव्हती. नशिबाने लेखी परीक्षा निघाली होती आणि मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. म्हणजे सगळं त्या अर्ध्या तासावर होतं: नोकरी, नाव, आणि गेवराईची बस.

आई रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायची. दोन मिनिटं बोलायची. अभ्यासाचं विचारायची नाही. जेवणाचं विचारायची.

आता सिनेमाचं. लेखी परीक्षा झाली की एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो, त्यात छंदाचा रकाना असतो. दोन वर्षांपूर्वीच्या मुलाखतीच्या वेळी जयेशने तिथे 'वाचन' लिहिलं होतं. बोर्डाने विचारलं, नुकतंच काय वाचलं? नुकतंच त्याने पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका वाचल्या होत्या. त्या मुलाखतीने त्याला खाली ओढलं. ह्या वेळी त्याच्या खोलीतल्या परीक्षितने आधीच बजावलं. परीक्षित अकोल्याचा. स्वतःचे अटेम्प्ट संपवून तो आता नोएडातल्या एका क्लाससाठी उत्तरपत्रिका तपासायचा, आणि बुडालेल्या माणसाला पोहण्याबद्दल जितकी माहिती असते तितकी त्याला मुलाखतीबद्दल होती.

"वाचन सगळेच लिहितात यार," परीक्षित म्हणाला. "पिक्चर लिही. पण नुसता पिक्चर नको. अँगल पाहिजे. बोर्डाला वाटलं पाहिजे, हा माणूस लोकांत मिसळतो."

तेव्हा जयेशने लिहिलं: जुन्या प्रवास-साहसपटांवर सर्वसामान्य प्रेक्षकांची मते गोळा करणे. आणि सिनेमा निवडला 'सात बंदरगाह'. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचा, सात बड्या नटनट्यांचा, तीन तास वीस मिनिटांचा. मुंबईच्या गोदीतला एक कारकून बेवारस राहिलेली एक पेटी तिच्या मालकाला पोचवायला जहाजावर चढतो, आणि प्रत्येक बंदरात एक नवा मोठा नट त्याच्या वाटेत येतो. एवढी कथा जयेशला ठाऊक होती. नेटवरच्या एका पानावर कुणीतरी ती पाचव्या बंदरापर्यंत लिहून कंटाळून सोडून दिली होती.

मतं मात्र त्याने मन लावून जमवली. सिंगापुरातल्या एका निवृत्त इंजिनियरने लिहिलं होतं की असे सात जण एका पडद्यावर पुन्हा येणे नाही. नागपूरच्या एका बाईंचं म्हणणं, चौथ्या बंदरातला उंट खराच चिडलेला आहे आणि सगळ्यांत चांगलं काम त्याचंच झालंय. एका कॉलेजच्या मुलाने लिहिलं होतं, "फार लांबण, पण पप्पांबरोबर पाहिला, म्हणून पाच स्टार." एकाला गाणी नको होती, एकाला फक्त गाणीच हवी होती. गल्लीतल्या न्हाव्याने दाढी करताकरता सांगितलं, "हीरोइन ज़बरदस्त थी, बाकी टाइमपास." घरमालक चौधरी म्हणाला, "तब आदमी तीन घंटे बैठता था, अब तीन मिनट नहीं बैठता." जयेशने दोघांची मतं तारखेसह उतरवून घेतली. वहीत त्याने चार रकाने आखले होते: अनुकूल, प्रतिकूल, संमिश्र, आणि चौथा 'मुलाखतीत वापरता येईल'.

सिनेमा मोबाईलवर फुकट होता. एक बटण दाबायचा अवकाश. पण तीन तास वीस मिनिटं म्हणजे अख्खा एक पेपर सोडवून होतो, असा हिशेब जयेशच्या डोक्यात पक्का बसला होता. शिवाय बोर्ड कथा विचारत नाही, मत विचारतं. आणि मतं तर त्याच्याकडे तीनशेच्या वर होती. स्वतःचं असं एक नव्हतं, पण ते त्याला खटकत नव्हतं. नऊ वर्षं 'एकीकडे असे, तर दुसरीकडे तसे, म्हणून मधला मार्ग' लिहूनलिहून मेसची भाजी खारट झाली आहे का ह्यावरसुद्धा तो दोन्ही बाजू मांडायला लागला होता.

एकच अडचण होती. शेवट कुणीच सांगितला नव्हता. ही सगळी भली माणसं. ज्याचं त्याचं कौतुक करून, नाहीतर नावं ठेवून झालं की शेवटी लिहिलेलं असायचं: शेवट मात्र सांगत नाही, स्वतः बघा.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी तो लक्ष्मीबाई नगरला गेला. तिथे हेमलताताई राहायच्या. एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. सुट्टीच्या दिवशी आपल्या सातव्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये मराठी मुलांच्या लुटुपुटीच्या मुलाखती घ्यायच्या, पोहे खाऊ घालायच्या आणि चुका सांगायच्या. दिल्लीतल्या मराठी मुलांना हे घर ठाऊक असतं. ताईंचे वडील शांताराम, पोस्टातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले असायचे. ते मध्ये बोलायचे नाहीत.

त्या दिवशी बोलले. ताईंनी विचारलं, "अच्छा, ह्या सिनेमाचा शेवट तुला प्रशासनाच्या दृष्टीने कसा वाटतो?" आणि जयेश म्हणाला, "शेवट संमिश्र आहे, मॅडम."

खिडकीपाशी वर्तमानपत्र खाली आलं. "संमिश्र?" शांतारामकाका म्हणाले. "तू पाहिलायस का रे तो?"

"बाबा, मॉक चालू आहे," ताई म्हणाल्या.

"चालू दे की. बोर्डात बसलेलेही माझ्यासारखेच असणार, थेरडे. ते हेच विचारतील." काका खुर्ची फिरवून बसले. "मी पाहिलाय. वीस वर्षांचा होतो. आमच्या जत्रेत तंबू लागायचा, त्यात. सातव्या बंदरात तो पेटीच्या मालकाच्या दारात जातो. मालक मेलेला. पेटी उघडतो. आत काही नाही, जुने कपडे. मग तो परत जहाजावर चढतो, कठड्याला धरून उभा राहतो. समोर पाणी. बस. पडदा पांढरा. संपला सिनेमा. दोन मिनिटं तंबूत कुणी हललं नाही."

"म्हणजे तो घरी परत जात नाही?" जयेशने विचारलं.

"कुठे जाणार? एकदा निघालेला माणूस परत जात नसतो. गेला, तरी तो पहिला माणूस नसतो. हे त्या सिनेमाने मला सांगितलं, आणि दोन महिन्यांत मी दिल्लीची नोकरी धरली. माझी आई रोज एस.टी.च्या वेळेला फाट्यावर येऊन उभी राहायची, असं लोक कळवायचे. मी गेलो नाही. ती गेल्याची तार आली, तेव्हाही गेलो नाही. मन घट्ट करावं लागतं." हे सांगताना काकांचा आवाज जराही हलला नाही. उलट त्यात थोडी ऐटच होती. एखादा माणूस आपण किती वर्षं एकही रजा घेतली नाही ते सांगतो, तशी.

"पुरे आता, बाबा," ताई हळूच म्हणाल्या.

एका माणसाने आपलं आयुष्य उलगडून समोर ठेवलं होतं. जयेशने वही उघडली आणि लिहिलं: ३४०. शां. (ज्येष्ठ नागरिक). शेवट — नायक परतत नाही. मुद्दे: कर्तव्य, त्याग, अलिप्तता. चौथ्या रकान्यात त्याने बरोबरची खूण केली.

पुढच्या चार दिवसांत त्याने ते मत घोटून घोटून स्वतःचं केलं. जत्रेतला तंबू ह्या काळात जमणार नव्हता, म्हणून त्या जागी घरचा टीव्ही आला. शेजारी कुणीतरी हवं, म्हणून वडील आले. परीक्षितने ऐकून मान डोलावली. "बिल्कुल बढ़िया," तो म्हणाला. "वडील ठेवच. वडील चालतात."

मुलाखत मराठीतून होती. म्हणजे समोर बोर्डाचे पाच जण, आणि जयेशच्या बाजूला दुभाषी, करड्या सफारीतले सौम्य गृहस्थ. जयेश मराठीत बोलायचा, ते इंग्रजीत सांगायचे. पहिली वीस मिनिटं फार छान गेली. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेबद्दल विचारलं, गोदावरीबद्दल विचारलं, त्याने दोन्ही बाजू मांडल्या. अध्यक्ष एकदा हसलेसुद्धा. जयेशला आत कुठेतरी गेवराईचा बसस्टँड दिसायला लागला.

मग डावीकडे बसलेल्या साठीच्या बाईंनी फॉर्मवरून नजर उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. आपल्या लहानपणीचं नाव अचानक कुणी घेतलं की होतो तसा. "सात बंदरगाह," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी ऐकलं हे नाव. लोकांची मतं राहू द्या. शेवट तुम्हाला कसा वाटला, तेवढं सांगा."

जयेशला वाटलं, देवच पावला. तो सावकाश, मध्ये थांबत, परीक्षितने शिकवलं होतं तसं बोलला. लहानपणी वडिलांबरोबर पाहिला. शेवटी नायक कठड्याला धरून उभा राहतो आणि घरी परतत नाही. लोकसेवकालाही असंच स्वतःचं घर मागे ठेवावं लागतं. दुभाष्यांनी ते सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि त्यांच्या तोंडी ते आणखीच छान वाटलं.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हती, गोंधळाची होती. "पण तो परत येतो," त्या म्हणाल्या. "मुंबईच्या बंदरात उतरतो. केवढं मोठं गाणं आहे तिथे. आम्ही सगळी पोरं नाचत बाहेर पडलो होतो."

जयेशने दुभाष्यांकडे पाहिलं. अध्यक्ष पुढे वाकले आणि अगदी सौम्यपणे, मदत केल्यासारखं विचारलं, "तुम्ही हा सिनेमा पाहिला आहे का?"

दार उघडंच ठेवलं होतं त्यांनी. नाही सर, पाहिला नाही, एका वडीलधाऱ्यांकडून ऐकला, एवढं म्हटलं असतं तर बाई हसल्या असत्या आणि पुढचा प्रश्न आला असता. त्या खोलीत खोट्याएवढं वाईट काही नसतं, हे जयेश स्वतः नव्या मुलांना शिकवायचा. पण नऊ वर्षांत 'मला माहीत नाही' हे वाक्य त्याने फक्त पाठ केलं होतं, कधी खरं म्हणून बोलला नव्हता.

"हो सर," तो म्हणाला. "वडिलांबरोबर."

दुभाष्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग तेवढंच इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली, फॉर्म मिटला आणि आभार मानले.

दुपारी खोलीवर येऊन त्याने पंखा लावला, बूट न काढता गादीवर बसला आणि 'सात बंदरगाह' सुरू केला. तीन तास वीस मिनिटं. पहिल्या बंदरापासूनच त्याच्या कानात लोक बोलायला लागले. उंट आला तेव्हा नागपूरच्या बाई बोलल्या, हिरोइन आली तेव्हा न्हावी बोलला. त्याला स्वतःला काही वाटण्याच्या आत कुणीतरी वाटून मोकळं व्हायचं. सातव्या बंदरात मालक मेलेला निघाला, पेटीत जुने कपडे निघाले, कारकून कठड्याशी उभा राहिला, समोर पाणी. काकांनी सांगितलं होतं अगदी तस्सं. आणि त्यानंतर सिनेमा आणखी बावीस मिनिटं होता.

त्या बावीस मिनिटांत कुणीच बोललं नाही, कारण तिथपर्यंतचं कुणी लिहिलंच नव्हतं. जहाज मुंबईला लागलं. कारकून शिडीवरून उतरला. जयेश रडला. त्याला सिनेमा आवडला होता. साफ आवडला होता, दुसरी बाजू नव्हती. मत म्हणून जे काही असतं ते शेवटी त्याच्या हाताला लागलं होतं, आणि ते मागणारी बाई सकाळीच उठून गेली होती.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. हजाराच्या आसपास नावं, त्यात जयेशचं नव्हतं. त्याने यादी तीनदा वर-खाली केली, मग आडनाव घालून शोधलं, मग रोल नंबर घालून. परीक्षित त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बसला, मग कामाला निघून गेला. त्याला नोएडाची मेट्रो गाठायची होती. पुढचे चार दिवस जयेश झोपून राहिला. साडेसातला आईचा फोन आला की उचलायचा नाही, आणि मेसेज टाकायचा: कामात आहे, उद्या करतो.

पाचव्या दिवशी तो उठला, दाढी केली आणि लक्ष्मीबाई नगरला गेला. सात वाजायला आले होते. ताई ऑफिसमधून आलेल्या नसणार, हे त्याला माहीत होतं. त्याला ताई नकोच होत्या. चार दिवस छताकडे बघताबघता त्याने ठरवून टाकलं होतं की आपलं वाटोळं त्या म्हाताऱ्याने केलं. चूक आपली आहे, हे त्याला कळत होतं. पण स्वतःवर रागावून रागावून तो थकला होता, आणि राग कुठेतरी ठेवायला जागा हवी होती.

काकांनी दार उघडलं. "अरे ये. रिझल्टचं हेमाने सांगितलं मला. वाईट झालं. बस."

"तुमच्यामुळे गेलं माझं," जयेश उभ्यानेच म्हणाला.

"माझ्यामुळे?"

"तुम्ही सांगितलेला शेवट मी तिथे सांगितला. तो शेवट नाहीये. तो परत येतो."

काका हसले. लहान मुलाची समजूत घालावी तसे हसले. "वेडा आहेस का? मी पाहिलाय ना स्वतः."

"नाही पाहिलात, काका," असं म्हणून जयेशने मोबाईल काढला. सिनेमातली ती जागा त्याने येतानाच बसमध्ये काढून ठेवली होती. कठडा, पाणी. त्याने तो काकांसमोर धरला, आणि त्या क्षणी त्याला बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

काका चष्मा लावून बघू लागले. कठडा आला तेव्हा त्यांनी 'हेच, हेच' अशी मान हलवली. मग पाणी संपलं आणि किनारा दिसला. बँड वाजत होता, सातही बडे लोक झगमगीत कपड्यांत धक्क्यावर उभे होते. कारकून शिडी उतरला. गर्दीच्या अगदी कडेला, मालाच्या पोत्यांपाशी, साध्या लुगड्यातली एक बाई उभी होती. ती धावत आली नाही, रडली नाही. तो जवळ आल्यावर तिने त्याच्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि चालायला लागली. मग गाणं सुरू झालं.

काकांनी मोबाईल आणखी जवळ ओढला. मग म्हणाले, "मागे घे."

जयेशने मागे घेतलं. बाईने पिशवी घेतली. "पुन्हा घे," काका म्हणाले. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही कोण?"

"त्याची आई."

"ते कळलं. काम कुणी केलंय? तुझ्याकडे एवढी मतं होती ना?"

"हिच्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही, काका."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. "दोन तंबूंत मिळून एकच प्रिंट असायची," ते म्हणाले. "शेजारच्या गावच्या तंबूत एक रीळ संपलं की ते सायकलवर आमच्याकडे यायचं. ओढ्याला पाणी असलं की माणूस अडकायचा." मग त्यांनी ऑफिसातली नोंद वाचून दाखवावी तशा आवाजात सांगितलं, "त्या दिवशी सायकल आली नसेल."

जयेशला आता काहीच बरं वाटत नव्हतं. जे द्यायला तो इतक्या लांबून आला होता, ते देऊन झालं होतं, आणि ते परत घ्यायची काही सोय नव्हती. काका त्याच्यावर रागावले असते तरी चाललं असतं. ते रागावले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून ते समोरच्या बंद टीव्हीकडे बघत बसले, आणि एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले.

"काका," जयेश म्हणाला, "तो शेवट चिकटवलेला आहे. लोकांना खूश करायला. मला तर खोटाच वाटला. तुम्ही पाहिला तोच बरोबर आहे."

"असं तुझं मत आहे?"

"हो."

"खोटं बोलू नकोस," काका म्हणाले. "तुला जमत नाही ते."

तेवढ्यात जयेशच्या हातातल्या मोबाईलवर गाणं थांबलं आणि धक्क्यावरच्या गर्दीवर अक्षरं आली: आई. साडेसात वाजले होते. जयेशचं बोट सवयीने कट करायला गेलं.

"उचल," काका म्हणाले. त्यांनी त्याच्या मनगटाला धरलं होतं, आणि त्या हातात अजून बरीच ताकद होती. "उचल आधी."

जयेशने फोन उचलला. घरात दुसरा आवाज नसल्याने भानुमतीचं बोलणं काकांनाही ऐकू येत होतं.

"कामात आहेस का रे?"

"नाही गं. बोल."

"काही नाही. आवाज ऐकावा म्हटलं. चार दिवस झाले."

जयेशने तोंड उघडलं. सांगायचं ठरवून उघडलं होतं. काका त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात अशी काही विनवणी होती की त्याने मान फिरवली. "रिझल्ट अजून लागला नाही, आई," तो म्हणाला. "लांबलाय ह्या वेळी."

गेवराईचाच एक मुलगा ह्या यादीत आला होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याची मिरवणूक निघाली होती, आणि तिचा व्हिडिओ जयेशने अंथरुणात पडून पाहिला होता. बसस्टँडवरून निघालेला बँड भानुमतीच्या अंगणवाडीसमोर पाच मिनिटं थांबून वाजत होता. दारात मुलांना धरून काही बायका उभ्या होत्या. त्यात ती होती का, हे बघायला तो व्हिडिओ त्याने पुन्हा लावला नव्हता.

"हो का," भानुमती म्हणाली. "लांबवतातच मेले. तू नको जिवाला लावून घेऊ. जेवलास का?"

"जेवलो."

"मग ये की एकदा. रिझल्ट लागेल तेव्हा लागेल."

काकांनी त्याचं मनगट सोडलं. जयेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"येतो," तो म्हणाला.

कधी, ते तिने विचारलं नाही.